सव्वासहाची हेस्टर

निवेदन कक्ष, फेलसाइड टेलिव्हिजन
२८ डिसेंबर १९८१

प्रिय एमॉस,

नाताळला येते म्हटलं आणि मी आले नाही, याचा राग तुझ्या बायकोला, एडनाला आला असेल. तुला आला नसेल. तू मला रोज बघतोस ना! कोल्ड स्कारच्या टेकाडावर तू मनोरा सांभाळतोस आणि मी इथे जे बोलते ते तुझ्या मनोऱ्यावरून साऱ्या खोऱ्यात जातं. एका आईची दोन मुलं एका तारेच्या दोन टोकांना बसली आहेत, आणि प्रत्यक्ष भेट म्हणशील तर आईच्या दफनानंतर नाही. अडीच वर्षं झाली.

ऑक्टोबरात दुसरी निवेदिका लग्न करून गेली. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार मी एकटी. माझी खोली तू पाहिली नाहीस. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, खिडकी नाही. समोर भिंतीत बसवलेला कॅमेरा, त्याच्यामागे माणूस नाही. वर घड्याळ. कानात गॉर्डन पास्क, म्हणजे आमचा नियंत्रक. सव्वासहाला लंडनचं केंद्र सगळ्या प्रदेशांना आपापल्या कार्यक्रमांसाठी मोकळं सोडतं, गॉर्डन बटण दाबतो, लाल दिवा लागतो आणि मी हसते. लंडनचा कार्यक्रम वीस सेकंद आधी संपला तर वीस सेकंद हसते. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या कार्यक्रमांमधल्या फटी बुजवते आहे.

आता खरं काम. मार्जरी आठवते? शाळेत माझ्या बाकावर असायची, ग्वेर्नसी बेटावर दिली. तिचा नवरा गेला. तिची टोमॅटोची काचघरं आहेत आणि तिला जोडीला माणूस हवंय. तिने मला बोलावलंय. आणि इथे पुढच्या तीन वर्षांचा करार माझ्या टेबलावर आहे. शुक्रवारी, एकोणतीस जानेवारीला उत्तर द्यायचं आहे.

मला जायचंय, एमॉस. पण बाबांचं काय, ते तूच सांगू शकतोस. खरं काय ते लिही.

हेस्टर

कोल्ड स्कार प्रक्षेपण केंद्र
४ जानेवारी १९८२

प्रिय हेस्टर,

पत्र मिळालं. इकडे बर्फ आहे. गाडी वर येत नाही, आठवड्यातून एकदा बर्फावर चालणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर येतो, त्यातून टपाल आणि पाव येतात. मनोऱ्यावरून बर्फाचे सुळे पडतात, पत्र्यावर आदळले की इथला माझा सहकारी क्लेम टायसन म्हणतो, "दार उघड एमॉस, पाहुणे आले." क्लेमशी लग्न केलं असतं तर इतके दिवस एकत्र राहिलो नसतो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रार्थना करून मग लिहायला बसलो आहे.

बाबांना पक्षाघात होऊन तीन वर्षं झाली. एडना त्यांचं सगळं करते, तक्रार करत नाही. पण जेवण ही त्या घरातली लढाई आहे. फक्त सव्वासहाला तू पडद्यावर येऊन "शुभ संध्याकाळ" म्हणालीस की बाबा "शुभ संध्याकाळ" म्हणतात आणि चमचा उचलतात. रविवारी मी घरी उतरतो तेव्हा तू नसतेस, त्या दिवशी एडनाने तासभर मिनतवाऱ्या केल्या तरी चार घास जातात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तुझ्या खोलीला खिडकी नाही हे खरं. पण खोऱ्यातल्या प्रत्येक घरात तूच एक खिडकी आहेस असं मला वाटतं. देव प्रत्येकाला एक जागा नेमून देतो. मला हे टेकाड दिलं, तुला ती खोली. आणि खरं सांगू? पडद्यावर तू दुःखी दिसत नाहीस. शुक्रवारी हिरवा स्वेटर घातला होतास, चेहऱ्यावर किती समाधान होतं. क्लेमसुद्धा म्हणाला.

जाऊ नकोस.

एमॉस

निवेदन कक्ष
९ जानेवारी १९८२

प्रिय एमॉस,

क्लेमला सांग, समाधानाचे मला पैसे मिळतात.

परवा काय झालं ऐक. गुरुवारी सव्वापाचला मी खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि दाराची मूठ माझ्या हातात आली. उपसून. दार बंद, आतून उघडायला काही नाही. मी गॉर्डनला सांगितलं. तो कानात म्हणाला, "दाराचं नंतर बघू. चाळीस सेकंदांत वाढदिवसांसाठी लंडन आपल्याला सोडतंय. हस."

मी हसले. सात मुलांचे वाढदिवस वाचले. एकाच्या कार्डावर डुकराचं चित्र होतं, ते कॅमेऱ्याला दाखवलं. लाल दिवा विझला. सुतार बर्फामुळे घरी अडकलेला. मग दोन तास दहा मिनिटं मी आत, एमॉस. दर वीस मिनिटांनी दिवा लागायचा आणि मी हसायचे. मध्ये स्टुडिओतल्या पोरांनी दाराखालून बिस्किटं सरकवून पाहिली, चुरा तेवढा आत आला. बाहेर सगळे खिदळत होते, मीही हसले. मग एका क्षणी मला श्वासच घेता येईना. छातीवर कोणी गुडघा रोवून बसल्यासारखं. मी खुर्चीचे हात धरले. दिवा लागला. मी म्हणाले, "आणि आता हवामान."

दुसऱ्या दिवशी मटणवाल्याची बायको म्हणते, "काल किती प्रसन्न दिसत होतात हो!"

कोणाला सांगू? सगळा प्रदेश माझ्याविरुद्ध साक्ष देतो. मी गुदमरते आहे असं म्हटलं, तर लोक माझाच चेहरा पुरावा म्हणून दाखवतात. तूसुद्धा.

तरी तुझं पत्र वाचून मी करार हातात घेतला. बाबा माझ्यामुळे दोन घास खात असतील तर तीन वर्षं काढीन. मला अडवणारी ती एकच गोष्ट आहे. ती खरी आहे ना? तू खाली जाशील तेव्हा एकदा नीट बघ आणि मला कळव.

हेस्टर

कोल्ड स्कार
१९ जानेवारी १९८२

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र चौदा तारखेला, दोन दिवस उशिरा आलेल्या ट्रॅक्टरबरोबर आलं. उशीर माझ्या हाताबाहेरचा होता.

गेले दिवस कठीण गेले. मुख्य मनोरा उभा आहे, पण गिलहेड गावाच्या डोक्यावरचा छोटा मनोरा, जो आपल्या घराला चित्र पुरवतो, त्याचा अँटेना बर्फाने सहा तारखेला तोडून नेला. आम्ही वर अडकलेले. खोऱ्यातल्या लोकांनी काय केलं, तर शिड्या लावून आपापले अँटेना उलटे फिरवले आणि सीमेपलीकडची स्कॉटिश वाहिनी धरली. अकरा दिवस अख्खं गिलहेड परदेशात होतं. पंधराला मी खाली उतरलो, एक रात्र घरी राहिलो. सतराला क्लेम आणि मी छोटा मनोरा सुरू केला. बोटं अजून सुजलेली आहेत, अक्षर सांभाळून घे.

बाबा तसेच आहेत. एडना तुला विचारते.

दाराचं वाचून वाईट वाटलं. मूठ आता पक्की बसवली असेल. काल तू चांगली दिसलीस.

एमॉस

निवेदन कक्ष
२३ जानेवारी १९८२

प्रिय एमॉस,

मूठ पक्की बसवली आहे.

मला एकच विचारायचंय. अकरा दिवस गिलहेडला मी दिसत नव्हते. त्या अकरा दिवसांत बाबा जेवले का? पंधराच्या संध्याकाळी तू घरी होतास. तू काय पाहिलंस?

ट्रॅक्टर मंगळवारी येतो असं एडना म्हणते. त्याच दिवशी उत्तर दिलंस तर शुक्रवारच्या आत मला मिळेल.

हेस्टर

कोल्ड स्कार
७ फेब्रुवारी १९८२

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र मंगळवारी वेळेवर मिळालं होतं. ट्रॅक्टरवाला चहा पीत अर्धा तास बसला होता. मी लिहिलं नाही.

मग सोमवारी, एक तारखेला, सव्वासहाला तू आलीस. मोहरीच्या रंगाचा स्वेटर, केस मागे बांधलेले. म्हणजे तू सही केलीस. मी मॉनिटरसमोर उभा होतो आणि माझ्या तोंडून "देवा, तुझे उपकार" असे शब्द निघाले. निघाले आणि मला माझीच किळस आली. आठवडाभर मी रोज तुला बघतो आहे. तू हसतेस, पण मुलांचे वाढदिवस वाचत नाहीस. सगळा प्रदेश बर्फाखाली आहे आणि तू बर्फाचा शब्द काढत नाहीस. तू माझ्यावर रागावली आहेस आणि त्या खोलीतून तुला एवढंच करता येतं, हे मला समजतं. आज रविवार. रस्ता बंद, चॅपलला जाता आलं नाही, आणि जाता आलं नाही म्हणून मला बरं वाटलं. तेव्हा मी कागद घेतला.

पंधराला मी घरी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. बाबा खुर्चीत, मांडीवर ताट. एडनाने टीव्ही लावला. सव्वासहाला तिकडच्या वाहिनीवर एक दाढीवाला माणूस आला, चौकड्यांचा टाय लावलेला. म्हणाला, "शुभ संध्याकाळ." बाबा म्हणाले, "शुभ संध्याकाळ," आणि चमचा उचलला. बटाटे, कोबी, वर पुडिंग. ताट पुसून खाल्लं.

मी म्हटलं, "बाबा, हा कोण?"

"कोण जाणे," ते म्हणाले. "पण वेळेवर येतो बिचारा."

"आणि आपली हेस्टर?"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं जणू पक्षाघात मला झालाय. म्हणाले, "हेस्टर कामावर आहे."

"पण टीव्हीवर येते ती?"

"तीही वेळेवर येते."

एडना ताट उचलता उचलता म्हणाली, "नऊ दिवस हेच चाललंय. घड्याळ आणि भूक, बाकी काही नाही." मी विचारलं, मग रविवारी का जेवत नाहीत? ती हसायला लागली. "अहो, रविवारी दुपारी मी भाजलेलं मटण वाढते, वर पुडिंग. संध्याकाळी भूक राहील कुठून? तुम्ही कधी दुपारी घरी असता का?"

मी नसतो. मी चॅपलमधून थेट इथे येतो आणि संध्याकाळीच घरी उतरतो.

म्हणजे ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी ते खरं नव्हतं. चार तारखेला तुला लिहिलं ती चूक होती. एकोणिसाला लिहिलं ते पाप. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, मी तपासून पाहिलं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट आहे.

का, ते सांगतो. सव्वासहाला चमचा उचलतो तो मी, हेस्टर. क्लेम रजेवर असला की मी इथे चार-चार दिवस माणसाचा शब्द ऐकत नाही. पडद्यावर तू आलीस की दिवस संपला असं वाटतं. अडीच वर्षं तुला भेटायला आलो नाही, कारण मी तुला रोज भेटत होतो. भेटत होतो असंच मला वाटायचं. तू भेटत नव्हतीस हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गॉर्डन पास्कला मी पत्र लिहितो. भावाने बहिणीची फसवणूक केली, म्हणून तिने सही केली, असं स्पष्ट लिहीन. तुला मोकळं करतील. तू हो म्हण.

आजवर इतकं लांब पत्र मी कोणाला लिहिलेलं नाही.

एमॉस

मार्जरी ले पाज यांची काचघरं, ग्वेर्नसी
१६ फेब्रुवारी १९८२

प्रिय एमॉस,

गॉर्डनला लिहू नकोस. मी सही केलेली नाही.

तुझं पत्र स्टुडिओतून फिरून काल इथे आलं. एडनाने मला एकवीस जानेवारीलाच सगळं कळवलं होतं, दाढीसकट. तरी मी तुला विचारलं. आपल्या भावाच्या हातून कळावं एवढीच इच्छा होती. शुक्रवारी दुपारच्या टपालापर्यंत वाट बघितली. मग वर जाऊन कोरा करार गॉर्डनच्या टेबलावर ठेवला.

तो आधी ओरडला. मग म्हणाला, "नवी मुलगी मार्चच्या मध्यापर्यंत मिळणार नाही. जायचंच असेल तर बारा मार्चपर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी आधीच देऊन जा." म्हणून शनिवारी आणि रविवारी मी त्या खोलीत बसून तीस संध्याकाळी टेपवर भरल्या. सात स्वेटर आणले होते, ते आलटून पालटून. गॉर्डन कानात ओरडायचा, "मंगळवार!" मी हसायचे. "बुधवार! केस सोड!" मी केस सोडायचे. वाढदिवस वाचायचे नाहीत, बर्फ म्हणायचं नाही, कारण मार्चमध्ये बर्फ असेल की नाही कोणाला ठाऊक. रविवारी पाचला तिसावा दिवस संपला. मी मूठ फिरवली, दार उघडलं, आणि स्टेशनवर गेले. तू सोमवारी मला पाहून देवाचे उपकार मानलेस तेव्हा मी बोटीवर होते. ओकत होते, खरं सांगायचं तर.

टेपवरचं चित्र वरच्या कडेला किंचित थरथरतं, हे मला तूच शिकवलं होतंस. तीस वर्षं तू चित्रं तपासतोस. आठवडाभर रोज बघितलंस आणि तुला दिसलं नाही. यावर मी हसले, मग हसू थांबलं.

मी रागावले होते. तुझं पत्र वाचल्यावर तेवढी नाही. एक सांगते. तू वेळेवर खरं लिहिलं असतंस तरी मी गेलेच असते. फक्त तुला सांगून गेले असते.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगते. पडद्यावर मी तुझ्याकडे बघते असं तुला वाटतं. तिथे कोणी नाही, एमॉस. भिंत आहे. मी अकरा वर्षं भिंतीकडे बघून हसले. तू त्या भिंतीमागे होतास, हे मला तुझ्या सात तारखेच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं.

इथे बारा हजार रोपं आहेत, सगळी माझ्याकडून सुतळीला बांधून घेतात. मार्जरी फार बडबडते. पहिली तोडणी मार्चअखेर. ये. काचघरात झोपायची सोय नाही, पण घरात आहे.

हेस्टर

कोल्ड स्कार
२४ फेब्रुवारी १९८२

प्रिय हेस्टर,

कालच्या ट्रॅक्टरने तुझं पत्र आलं. काल संध्याकाळी मी मॉनिटरच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. वरची कड थरथरत होती. इतकी स्पष्ट, की नव्या उमेदवाराला दाखवून शिकवावं. क्लेमला विचारलं, तुझ्या कधी लक्षात आलं? तो म्हणाला, "दोन तारखेला." मी म्हटलं, बोलला का नाहीस? म्हणाला, "तू मान वर करून बघत होतास रे. चॅपलमध्ये बघतात तसा. कोण मध्ये बोलणार?"

आजची सोडली तर अजून बारा संध्याकाळी शिल्लक आहेत. त्या प्रक्षेपित करणं माझं काम आहे, ते मी करीन. तू तिथे असताना तू इथेही असणार, आणि मी बटणं तपासून सगळं ठीक आहे अशी नोंद करणार.

आज दुपारी खाली घरी जाऊन बाबांना मी सांगितलं की हेस्टर ग्वेर्नसीला गेली. ते म्हणाले, "बरं झालं. टोमॅटो पाठव म्हणावं."

तुझ्याकडे यायचं म्हणून रजेचा कोरा अर्ज बाहेर काढला आहे. नाव आणि हुद्दा लिहिला. 'रजेचं कारण' या रकान्यापाशी थांबलो आहे. इतक्या वर्षांत मी तो रकाना कधी भरलेला नाही, आणि तिथे काय लिहितात ते मला खरोखर ठाऊक नाही. टेकाड सोडायचं म्हटलं की मी पेन खाली ठेवतो आणि जाऊन बटणं पुन्हा तपासतो. तू एका रविवारी मूठ फिरवलीस. माझ्या दाराला तर कडीसुद्धा नाही, आणि मी आतच.

तरी एक केलं आहे. आता सव्वासहा वाजले आहेत. मी खुर्ची फिरवून मॉनिटरकडे पाठ केली आहे आणि गुडघ्यावर फळी घेऊन हे लिहितो आहे. मागून तुझा आवाज येतोय. तू शुभ संध्याकाळ म्हणालीस. क्लेम आत्ताच म्हणाला, "अरे, बहीण बोलतेय तुझी. वळून बघ की."

मी म्हटलं, "थांब जरा. तिलाच लिहितोय."

एमॉस